पाण्याच्या दिवशी चिप लिहिली

दुष्काळाची वर्षं होती. चारा मिळंना म्हणून मामानं मेंढरं विकली आणि वाळूजला भाड्याच्या गाळ्यात एक जुनं कटिंग मशीन टाकलं. मशीन कॉम्प्युटरवर चालायचं. त्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळला आणि तसला दुसरा कुठं मिळंना. मी जुन्या बाजारातून वेगळाच एक शोधून आणला, तर ज्या पोर्टला मशीन जोडायचं ते पोर्टच विंडोज ओळखंना.

बोर्डावरच्या चिपमध्ये एक तक्ता असतो. कोणता भाग कुठं बसलाय, हे विंडोज त्यातूनच वाचतं. आमच्या तक्त्यात पोर्टची ओळ चुकीची होती. ती मी दुरुस्त केली आणि चिपमध्ये लिहायला घेतली. लिहिताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला, आणि शनिवारी माल दिला नाही तर मामाचं एकुलतं एक गिऱ्हाईक जाणार. हे सगळं मला ठाऊक होतं. गाळ्यातला कॉम्प्युटर मी घरी आणला होता. लष्करी छावणीजवळच्या आमच्या घरात, भर दुपारी, मी त्याला यूपीएस लावला. त्याची बॅटरी जेमतेम सात-आठ मिनिटांची. बटण दाबलं.

आज पाण्याचा दिवस आहे, हे तेवढं माझ्यासारख्या अकलेच्या खंदकाला आठवलं नाही.

तेवढ्यात, पाच दिवसांच्या खंडानंतर नळ आला. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, विजेचा दाब पडला, पंखा मंदावला आणि यूपीएस बॅटरीवर जाऊन वाजायला लागला. पडद्यावर चिपचं लिहिणं वीस टक्क्यांवर.

"मामी, मोटार बंद कर."

"येडी झालीस काय गं? पाच दिसानं आलंय पाणी."

"बोर्ड मरंल मामी. मामाचं काम जाईल."

तिनं माझं तोंड बघितलं अन् मोटार बंद केली. यूपीएस वाजतच होता. एका मोटारीनं काय होतंय? मामी तशीच ओल्या पायांनी गल्लीत गेली. पाण्यावरून जिच्याशी तिचं कायम वाजायचं, त्या शेजारणीच्याच दारात आधी उभी राहिली.

"बाई, धा मिनिटं मोटार बंद ठेव. आमच्या पोटाचा सवाल हाय."

मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. मला तिचा आवाज ऐकू येत होता. पडद्यावरून नजर काढायची छाती होईना.

एकेक मोटार थांबली. पंख्यानं वेग घेतला, यूपीएस गप्प झाला. शंभर टक्के झाले. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, पोर्ट दिसलं.

नळ यायचाच मुळी पंधरा मिनिटं, तोवर तो गेला होता. गल्लीत कुणाचीच टाकी भरली नाही. मामी दारात येऊन म्हणाली, "झालं ना पोरी?" मी म्हणाले, व्हय.

तिला मी आजवर सांगितलेलं नाही, सांगायची भीती वाटते. चिपला हात न लावताही काम झालं असतं. दुरुस्त तक्ता बाहेरून विंडोजला देता येत होता, आणि तो रस्ता मला माहीत होता. पण चिप मी कधी लिहिली नव्हती. मला एकदा लिहून बघायची होती.