पिएरो तळघरात एकटा उतरला

पिएरो वाइनने गेला.

पिऊन नाही. वाइन करताना.

द्राक्षाचा रस पिंपात आंबायला लागला की त्यातून गॅस सुटतो. हवेपेक्षा जड. तळघरात खाली साचून राहतो, दिसत नाही. माणूस आत जातो आणि तिथेच कोसळतो.

इटलीहून त्याच्या बहिणीची, कार्लाची, ईमेल आज सकाळी आली. ऑफिसमध्येच दोनदा वाचली. मग पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. एसी लावलाच नाही, हे घामाने शर्ट भिजल्यावर कळलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पिएरो माहीत नाही. म्हणून लिहितोय.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. सौदीत अल-खोबरजवळच्या एका प्लांटवर आम्ही दोघं एकाच केबिनमध्ये बसायचो. मी इन्स्पेक्शनला, तो सेफ्टीला. कुठल्याही टाकीत माणूस उतरवायचा तर पिएरोची सही लागायची. गॅस टेस्ट झाल्याशिवाय तो कुणाला आत सोडायचा नाही. कुणी कितीही ओरडो.

तो एका डोंगराळ गावचा. उतारावर द्राक्षाचे मळे, घराखाली तळघर, आजोबांपासून चालत आलेली वाइन.

मी तासगावचा. आमच्याकडे द्राक्षं म्हणजे बेदाणा.

गुरुवारी संध्याकाळी तो आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचा. छाटणी, वेलींवरचा भुरी रोग, गारपीट, विषय संपायचे नाहीत. माझी बायको वर्षा म्हणायची, तुम्ही दोघं शेतकरीच आहात, मग या वाळूत कशाला आलात?

तो का आला, ते त्याने एकदाच सांगितलं. वडिलांशी पटत नव्हतं. त्यांना सगळं आजोबांसारखंच करायचं होतं, याला बदल हवे होते. सौदीची नोकरी घेतली तेव्हा वडील म्हणाले, जिथे आपली वाइन जवळ ठेवणं गुन्हा, तोच देश सापडला का तुला?

त्यानंतर ते याच्याशी बोललेच नाहीत. फोन कार्लाच घ्यायची.

साइटवरचे काही जण त्याच्या मागे लागायचे. तुला येतं ना, मग गुपचूप कर की थोडी. तो नाही म्हणायचा. भीतीने नव्हे. ज्याच्या घरी राहतो त्याच्या पाठीमागे असलं करायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

ऐन तोडणीच्या दिवसांत कार्लाचा फोन आला. वडिलांना पॅरालिसिसचा झटका.

पासपोर्ट कंपनीकडे. देश सोडायला लागणारा एक्झिट व्हिसा कंपनीच्या हातात. त्यात दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाउन चालू, सगळ्यांच्या रजा बंद. सही फक्त आमचे सौदी मॅनेजर अबू फहद करू शकत होते. नमाज कधी न चुकवणारा, कडक माणूस.

पिएरोने मला सोबत नेलं. गाडीत मी त्याला समजावत होतो, वडिलांचं विचारलं तर द्राक्षबाग आहे म्हण. ते काही खोटं नाही. तो नुसता बाहेर बघत होता.

अबू फहदनी घरात बसवलं, खजूर पुढे केले, कॉफी ओतली. आणि नेमकं तेच विचारलं. वडील काय करतात?

"वाइन करतात," पिएरो म्हणाला. "माझे आजोबाही करायचे."



अबू फहदनी हातातला कप खाली ठेवला.

"तुझ्या बापाचं काम मला मान्य नाही. पण बाप आहे तो. जा."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट हातात.

तो पोचला तेव्हा वडिलांची वाचा गेली होती.

त्या वर्षीची वाइन त्याने केली. त्यांच्याच पद्धतीने, एकही बदल न करता. नवा रस चमच्याने त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

तो राग होता की आजारपणाने मान वळली, हे त्याला कधीच कळलं नाही. हिवाळ्यात ते गेले.

पिएरो परत आला नाही. इथली नोकरी खलास. त्याची खोली मीच आवरली. फोनवर म्हणाला, "आता मळा सोडून निघालो, तर वडिलांचंच खरं ठरेल, की मला मळा नकोच होता."

एकदा सुट्टीत वर्षा आणि मी त्याच्याकडे जाऊन आलो. वाळला होता. कमी बोलत होता. गारपिटीने अर्धा मळा झोडपलेला. तळघरात मोठा पंखा, दाराशी टांगलेला गॅसचा मीटर. आधी स्वतः मीटर घेऊन आत गेला, मग आम्हाला बोलावलं.

वाइन चाखायला दिली. तुरट होती. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून चांगली आहे म्हणालो.

"वडिलांची अशीच असायची," तो म्हणाला. "मला कधीच आवडली नाही."

कार्ला लिहिते, त्या दिवशी पंखा बंद पडला होता. मीटर वर स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. ती बाजारात गेली होती. तो पंखा बघायला खाली उतरला. एकटाच.

आमच्यातल्या कुणालाही त्याने असं उतरू दिलं नसतं.

दिवसभर मी तिथेच अडकलोय. दमला होता का? घाईत होता? की त्याला आता स्वतःची फिकीरच उरली नव्हती?

हे मी कार्लाला विचारणार नाही.

अबू फहद आता रिटायर झालेत. संध्याकाळी त्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, आई आहे का त्याची? नाही म्हटलं. म्हणाले, बरं झालं, तिला हे बघावं लागलं नाही.

ईमेलच्या शेवटी कार्लाने एक विचारलंय. त्या पिंपांमधली वाइन थोड्या दिवसांत तयार होईल. गावातले म्हणतात, ओतून टाक. तिच्याच्याने ओतवत नाही, आणि विकायचा विचारही सोसत नाही. काय करू?

वर्षाने वाचलं आणि म्हणाली, त्याच्या हातची शेवटची आहे, ती ओतायची कशी?

आत्ता उत्तर लिहिलं. ओतू नकोस. विकूही नकोस. मी येतोय.

पिएरो, मित्रा, तुला मनापासून शेवटचा नमस्कार.