केजपर्यंत शाळा

मठपती सर कुनालाबी गाठून शाळा सांगायचे. वर्गात शिकवायचे ते येगळं. ही शाळेचीच हकीकत, ती कशी हुबी ऱ्हायली त्याची. आंबाजोगाईतलं सगळ्यात जुनं हायस्कूल त्यांचं. गावात केबल नवी आलती, तवा टीव्हीच्या दुकानापुढं माणसं मॅच बगायची. सर मॅचला पाठ करून हुबे ऱ्हायचे. "मुळापासून सांगतो. मधून सांगितलं की शाळा म्हणजे नुसते पत्रे वाटतात." लोक म्हनायचे, "सर, जरा सरका." सर सरकायचे, पन बोलत बोलत.

माझी रुक्मीन त्यांच्याकडं आठवीत. त्या साली दिवाळी झाली आन् आमी ऊस तोडाया निघालो. धाकटं लेकरू रांगतं. मी आन् मालक, रुक्मीनचा बाप, फडात गेल्यावर त्याला कोन बगनार, म्हनून रुक्मीनला ट्रकात घातली. गाडी सुटनार, तेवढ्यात सर सायकल टाकून वर चढले. एक चप्पल खालीच ऱ्हायली.

"बाई, पोरीला उतरवा. आमच्या घरी राहील."

"आन् लेकरू कोन सांभाळंल, सर? तुमी येता का फडावर?"

"विचार करतो. तोवर शाळा सांगतो."

मुकादम केबिनातून वरडला, "मास्तर, उतरता का नेऊ?"

"न्या," सर म्हनले. त्यानं खरंच गाडी काढली.

मग भांड्यात, कोंबड्यात बसून सर सुरू. गावाचं नाव मोमिनाबाद हुतं, शाळा उर्दूत, भाड्याच्या खोलीत. पावसाळ्यात घरमालकाची म्हैस वर्गातच. "हजेरीला तीच पक्की," म्हनले. आख्खी गाडी हसाया लागली. खड्डा आला की सर उसळायचे, आदळायचे आन् तिथूनच पुढं सांगायचे. निजाम गेला, शाळा मराठीत आली, तरी हेडमास्तर रागवायचे उर्दूतच. मालक हसून हसून खोकलले. माझं ध्यान रुक्मीनकडं. सर चुकले की ती म्हनायची, "सर, आदी विहीर, मग पत्रे." पोरीला समदं पाठ.

केजला गाडी डिझेलला थांबली. मुकादम हात जोडूनच मागं आला. "मास्तर, कावून छळता? संपली का न्हाई शाळा?"

"अजून नवी इमारत यायची आहे."

"शालनबाई, दे बाई पोरगी त्यांना. मला बीडपत्तुर न्हाई ऐकवत."

मालकानं माझ्याकडं बगितलं. मी लेकरू पाठीला बांधलं आन् रुक्मीनला म्हनलं, "उतर."

तो आख्खा सीझन लेकरू पाठीवर घेऊन ऊस तोडला. उसाच्या वाळल्या पाचटानं त्याचं अंग चिरायचं. माझी कंबर गेली ती गेलीच. सांगून काय.

गुढीपाडव्याला परत आलो. बाजारात सर न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस, तरी बोलतच. हकीकतीत नवी इमारत झाली, घंटा आली, आन् मग म्हनले, "त्यानंतर शालनबाई. केजला पोरगी उतरवली."

न्हावी म्हनला, "ह्या कोन हेडबाई?"

मी पदर तोंडात कोंबून हसत पळाले.

सर जाऊन लई वर्सं झाली. आता कारेक्रमात पावनं शाळेचा इतिहास सांगत्यात, त्यात माझं नाव न्हाई. नसू द्या. रुक्मीन दहावी झाली.