पमीचे दोन अर्ज

पमी गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर रडू येण्याआधी राग आला. भैंशाला माझ्या भाचीचं लग्न होतं. मांडव उतरला, पाहुण्यांना बसमध्ये बसवून दिलं, आणि दुपारी जरा पाठ टेकते तोच तिच्या भावाचा, दिलीपचा, फोन. "मालतीताई, आक्का गेली." कधी, विचारलं तर म्हणाला, सोमवारी. त्या दिवशी गुरुवार होता. मी ओरडलेच त्याच्यावर. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आक्कानंच सांगून ठेवलं व्हतं. तिच्या घरी लगन हाय, कार्य पार पडेपर्यंत तिले फोन करायचा नाही म्हणे. आमी काय करनार?" तीस वर्षांची मैत्रीण, आणि मी तिचं तोंड शेवटचं बघायचं की नाही हे तिनं माझ्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं. जिला साधी साडी घेताना दुकानातल्या दहा जणांना विचारावं लागायचं, तिनं नेमकं हे कुणालाही न विचारता ठरवलं होतं. आज तीन आठवडे झाले, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आदिलाबादला नर्सिंगला आम्ही एकाच वर्षी लागलो. मी भैंशाच्या हेडमास्तरांची मुलगी, ती वांकिडीची. तिचे वडील तहसीलच्या दफ्तरात कारकून होते. बॅचमध्ये बाकी सगळ्या तेलुगू मुली, म्हणून वॉर्डनबाईंनी आम्हा दोघींना एका खोलीत टाकलं. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "खिडकीजवळची खाट घेऊ का दाराजवळची?" मी म्हटलं, खिडकीजवळची घे. तर म्हणाली, "पन तिथं ऊन येते नं." मग दाराजवळची घे. "पन तिथं येनाऱ्या-जानाऱ्याची कटकट." शेवटी खिडकीजवळची मी घेतली, आणि पुढे दोन वर्षं ती सांगत राहिली की चांगली खाट मालतीनं घेतली. तिचे आजी-आजोबा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. वडील शिकले, नोकरीला लागले, आणि आता मुलगी पांढऱ्या कपड्यांत सरकारी दवाखान्यात उभी राहणार म्हणून त्यांनी दफ्तरात शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना चहा पाजला होता. हे ती मला वारंवार सांगायची, आणि प्रत्येक वेळी सांगताना तिचा चेहरा उतरायचा.

कारण तिला वॉर्ड झेपत नव्हता. हात चांगला होता, सुई टोचली तर पेशंटला कळायचं नाही. पण वॉर्डात चाळीस खाटा असतात आणि पमी एका खाटेपाशी अडकून पडायची. दुसऱ्या वर्षी आमची हाडांच्या वॉर्डात ड्यूटी होती. तिथं गुडीहत्नूरचा एक म्हातारा पाय मोडून पडला होता. सकाळच्या औषधांच्या वेळी तिनं त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरला, आणि त्याचा हात पेल्याच्या वीतभर बाजूला चाचपडत राहिला. झालं. औषधांचा ट्रे तसाच मध्ये ठेवून ही त्याच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवत बसली. मग वॉर्डाच्या सिस्टरकडे गेली, "याला दिसत नाही, म्हणून हा पडला." सिस्टर म्हणाल्या, इथं पाय बघतात, डोळे नाही, तू गोळ्या वाट. त्यावर गप्प बसावं की नाही? ही ट्रे टाकून सरळ डोळ्यांच्या ओपीडीत गेली आणि तिथल्या डॉक्टरांना हाताला धरल्यासारखं घेऊन आली. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. म्हाताऱ्याचं भलं झालं हे खरं. पण इकडे अकरा पेशंटांच्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या मी धावतपळत वाटल्या, आणि उशीर झाला म्हणून बोलणी मी खाल्ली. संध्याकाळी मी तिच्यावर चिडले तर ती ऐकतच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की हैदराबादला डोळे तपासण्याचा दोन वर्षांचा कोर्स निघाला आहे, तो केला की गावोगाव फिरून लोकांचे डोळे तपासायची सरकारी नोकरी मिळते. "एका येळी एकच मानूस समोर बसते, मालते," ती म्हणाली. "एकच!"

त्यानंतरचे चार महिने माझे यातच गेले. जेवताना, आंघोळीच्या रांगेत, अभ्यासाच्या वेळी एकच पाढा, नर्सिंग सोडू का नको सोडू. मी म्हणायचे, सोड. तर ती म्हणायची, "दोन वर्सं वाया जातीन, अन् बाबाले काय सांगू?" मग मी म्हणायचे, नको सोडू. तर ती म्हणायची, "तुले माहा जीव कसा घुसमटते ते दिसत नाही." तिनं मेसच्या बाईला विचारलं, कपडे न्यायला येणाऱ्या परटाला विचारलं, गावी जाताना बसच्या कंडक्टरला विचारलं. कंडक्टर तेलुगू, त्याला नर्सिंग म्हणजे काय आणि दुसरं म्हणजे काय हे समजावण्यात तिचा स्टॉप निघून गेला. मला झोपेतसुद्धा तिचा आवाज ऐकू यायचा. आणि हेही कबूल करते, की ती गेली तर मराठीत भांडायला मला त्या हॉस्टेलात कुणी उरणार नव्हतं. म्हणून मी "नको सोडू" जरा जास्त वेळा म्हटलं असेन...

परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. फॉर्म पाचच्या आत ऑफिसात द्यायचा होता, आणि तो खराब झाला तर दुसरा मिळत नव्हता. साडेतीनला ती खोलीत आली. एका हातात परीक्षेचा फॉर्म, भरलेला, फोटो चिकटवलेला. दुसऱ्या हातात हैदराबादच्या कोर्सचा अर्ज, तोही भरलेला. दोन्ही तिनं माझ्या खाटेवर ठेवले आणि म्हणाली, "एक फाड." मी म्हटलं, तुझं तू बघ. "माह्यानं होत नाही. तू फाड." मी पुस्तक तोंडावर धरलं. ती समोर उभीच. सव्वाचार झाले. साडेचार झाले. ती हलेना. कॉरिडॉरमधून मुली ऑफिसकडे पळत होत्या. मला काय झालं ते सांगता येत नाही. विचार करून केलं असं मी आजही म्हणणार नाही. पार वैतागून मी उठले, परीक्षेचा फॉर्म उचलला आणि टराटरा चार तुकडे केले. "जा एकदाची!" मी म्हटलं. ती खाली बसून रडायला लागली. हैदराबादची सीट मिळेल की नाही याचा अजून पत्ता नव्हता. फाडल्यानंतर ते माझ्या लक्षात आलं.

चार दिवसांनी तिनं मला वांकिडीला नेलं. बाबांना सांगायला सोबत चल, एवढंच म्हणाली होती. बसमध्ये तिनं मला दोनदा बजावलं, "मीच बोलीन, तू फक्त बाजूला बस." घरी पोचलो, तिच्या आईनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या, आणि ही चुलीपाशी आईला मदत करायला जी बसली ती उठेचना. बाबा मला आमच्या वडिलांची, शाळेची विचारपूस करत होते. शेवटी जेवण आटोपल्यावर मीच तोंड उघडलं. फॉर्म गेला नाही हे सांगितलं, का गेला नाही तेही सांगितलं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुया बापाची हेडमास्तरकी हाय. तुले असे खेळ परवडतेत. आमची एवढी एकच मिसल मंजूर झाली व्हती, ते तू फाडली." दफ्तरातल्या फायलीला ते मिसल म्हणायचे. मी पमीकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता तिनं, की बाबा, मलाच सोडायचं होतं. ती परातीतलं पीठ गोळा करत राहिली. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. गुडीहत्नूर गेल्यावर ती म्हणाली, "रागावली काय वं?"

सीट मिळाली, हे नशीब. ती हैदराबादला गेली, दोन वर्षांनी परत आली, आणि वांकिडीच्या आसपासच्या आरोग्य केंद्रांत तिची नोकरी सुरू झाली. शाळांमधून, बाजाराच्या गावांतून ती डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आणि बॅटरी घेऊन फिरायची. तेलुगू बाया तिला कंटि डॉक्टरम्मा म्हणायच्या, मराठी बाया डोळ्याची बाई. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून आदिलाबादला आणायची, आणि आणलं की त्यांना बाकावर बसवून माझ्या वॉर्डात चहा प्यायला यायची. तेव्हा तिचं ठरलेलं असायचं. "तू पाह्य आता हेड नर्स झाली. आमच्या पोस्टले पुढं बढतीच नाही. तू तो फॉर्म नसता फाडला तर मीबी आज..." हे ती चारचौघांत म्हणायची. माझ्या हाताखालच्या मुलींसमोर म्हणायची. लग्नाची दोन स्थळं एकाच वेळी आली तेव्हा दोन्ही फोटो घेऊन माझ्याकडे आली, पण तेव्हा मी शहाणी झाले होते, तिला दारातूनच परत पाठवलं. लग्न तिनं केलं नाही; त्याचं खापरही कधीतरी माझ्यावर फोडायची. मी हसून सोडून द्यायचे, पण घरी आल्यावर ते टोचायचं. कारण मला ठाऊक नव्हतं, मी तिचं भलं केलं की वाटोळं. तिचे बाबा मला लग्नकार्यात भेटायचे, नमस्कार घ्यायचे आणि पुढे जायचे. ते वारले तेव्हा मी गेले होते. तेव्हाही वाटलं की या माणसानं मला माफ केलं नाही.

या वर्षी पमीच्या छातीत दुखायला लागलं. साखर होती, बीपी होतं, आणि दुनियेला तपासायला लावणारी ही बाई स्वतःच्या गोळ्या आठवण झाली तर घ्यायची. आठ दिवस ती आदिलाबादला ॲडमिट होती. मी रोज जायचे. पोरसवदा नर्सला ती पडल्या पडल्या शिकवत होती, बॅटरी अशी धर, बाजूनं आण. तिला घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी सीताफळ सोलून देत होते, आणि एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "पमे, मी तो फॉर्म फाडायला नको होता का?" ती सीताफळाच्या बिया मोजून वाटीत टाकत होती. म्हणाली, "कोर्साचा अर्ज तं मी आठ दिवस अगोदरच पोस्टात टाकला व्हता."

मला आधी कळलंच नाही. मग खाटेवर ठेवला होता तो? "ते नक्कल. तू तो फाडला असता तं तुयाशी भांडली असती, अन् तरी गेलीच असती." मग मला कशाला फाडायला लावलं, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. पमी शांत होती. "बाबाले सांगाले कोनी तरी पाह्यजे व्हतं. बाबा तुयावर रागावले तं तू आपल्या घरी गेली असती. माह्यावर रागावले असते तं मी कुठं जानार व्हती, मालते?" मी म्हटलं, बाबा जाईपर्यंत वीस वर्षं होती तुझ्याकडे. एकदा तरी सांगायचं. "सांगनार व्हती. रोज सांगनार व्हती..." मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. दहा मिनिटं तिथं उभी राहिले. परत आले तर तिचा डोळा लागला होता, वाटी पोटावर तशीच. मी वाटी उचलली, चादर नीट केली. निघताना ती जागी झाली तेव्हा म्हटलं, "लग्न उरकून येते, मग बघते तुझ्याकडे." ती म्हणाली, "ये." आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

पमीच्या जलदानविधीला मी वांकिडीला गेले. आवार माणसांनी भरलेलं. जाड भिंगांचे चष्मे लावलेली म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. भन्तेजींची वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. तेवढ्यात एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन फाटकातून आत आली. तिला काहीच माहीत नव्हतं. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मुलीला दाखवायला आणली होती. नोकरीच्या वेळेबाहेर पमी घरी बघायची. दिलीपच्या बायकोनं, छायानं, तिला काय झालं ते सांगितलं. बाई मटकन ओट्यावर बसली. मुलगी मात्र, शाळेतल्या तपासणीत पमीनं उभं केलेलं आठवत असावं तशी, सरळ आवारात गेली आणि चुन्यानं आखलेल्या एका रेघेवर पाय जुळवून उभी राहिली. तिथून दोन उघड्या दारांतून आतल्या खोलीच्या भिंतीवरचा तक्ता दिसतो. सहा मीटर अंतर लागतं, ते एका खोलीत बसत नव्हतं, म्हणून पमीनं ही सोय केलेली. मी मुलीचा एक डोळा तळहातानं झाकला. माझं हे काम नव्हे, पण पाहिलेलं होतं. तिनं चार ओळी वाचल्या आणि ती थांबली. मी चिठ्ठी लिहून दिली, आदिलाबादला कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत जायचं ते आईला समजावलं. त्या दोघी गेल्या.

छाया झाडू घेऊन आली. पत्रावळींचे तुकडे, फुलं, सगळं तिनं फाटकाकडे लोटत नेलं. रेघेपाशी आली की झाडू उचलायची, आणि पलीकडून पुन्हा सुरू करायची. मी म्हटलं, "अगं, सरळ फिरव की वरून. कचरा राहतोय तिथं."

"नको वं ताई," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "रेघ पुसली तं आक्का रागावतीन." आणि मग तिचं तिलाच कळलं. झाडू हातात धरून ती क्षणभर तशीच थांबली... मग रेघेवर अडकलेली दोन फुलं तिनं हातानं उचलली, आणि पुढचं आवार झाडायला लागली.