मेंबराची आक्का

चिमणाबाईचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत होतं. उत्तरेश्वर पेठेतल्या त्या गल्लीच्या वरच्या तोंडाला माहेरच्या इंगवल्यांचा म्हशींचा गोठा आणि खालच्या तोंडाला सासरच्या साळोख्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. लग्नात वरात निघाली आणि लगेच संपली असं होऊ नये म्हणून ती रंकाळ्यावरनं फिरवून आणावी लागली होती.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सयाजी रांगत होता. चिमणाबाईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तो नवऱ्या मुलापुढं जाऊन उभा राहिला होता. म्हणाला, "आक्काला न्यायची तर मलाबी न्या." कृष्णात साळोख्यानं मेव्हण्याचं ते बोलणं मनावर घेतलं. तालमीत त्याला पहिला लंगोट बांधला तो दाजींनीच. पुढं संस्थानाच्या काळात प्रजेच्या हक्कांसाठी मोर्चे निघाले, त्यातही दोघं बरोबर असायचे. एकदा लाठ्या खाऊन आले, तेव्हा चिमणाबाईनं दोघांना शेजारी शेजारी पालथं निजवून पाठीला हळद लावली होती. त्या दुखण्यातही दोघं हसत होते.

मग संस्थान विलीन झालं. काही वर्षांनी नगरपालिकेला 'बरो'चा, म्हणजे मोठ्या शहराचा, दर्जा मिळाला आणि निवडणूक लागली. तालमीच्या जुन्या मंडळींनी सयाजीला उभं केलं. इकडं कृष्णातला त्याच्या पक्षानं तिकीट दिलं. वॉर्ड एकच.

पहिले काही दिवस कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. कृष्णात म्हणायचा, "सया पोरगा हाय. मी उभा ऱ्हायलोय म्हटल्यावर घील की मागं." आणि सयाजी म्हणायचा, "दाजी समजूतदार हाईत. माझ्यापायी मागं सरतील." अर्ज मागं घ्यायची मुदत आली तशी गेली. दोघांपैकी कुणीच कचेरीकडं फिरकलं नाही.

चिमणाबाई गोठ्यात गेली. सयाजी धार काढत होता.

"सया, दाजींच्या इरुद्ध उभा ऱ्हातूस व्हय रं?"

"मी न्हाय उभा, आक्का. तालमीनं केलंय. आता मागं सरलो तर पेठेत तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का?"

"मग मी काय करू?"

"तू कशाला काय करतीस? ही गड्यांची कामं हाईत." चरवीत धारेचा आवाज चालूच होता.

नवऱ्याजवळ विषय काढला तर तो म्हणाला, "तुझ्या भावाला सांग की." शेवटी ती वडिलांकडं गेली. आबा दारात घोंगडं पसरून बसलेले असायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कोण इचारतंय गं? कालच्याला दोन्हीकडची माणसं येऊन पाया पडून गेली. दोघांलाबी आशीर्वाद दिला. काय करू?"

प्रचाराचे दिवस तिनं चुलीपुढं काढले. कार्यकर्त्यांच्या चहाचं आधण उतरतच नव्हतं. सयाजीच्या कर्ण्याचा टांगा गल्लीत शिरला की दुकानात बसलेले लोक मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. टांगा दारावरनं जाताना सयाजी मात्र कर्णा बंद करायला लावायचा. त्यावरही दुकानात कुणीतरी बोललंच, "बघा, बहिणीला खूण कराय लागलाय."

मतदान शाळेत होतं. तेव्हा उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. कृष्णातचा कंदील, सयाजीचा तराजू. शाळेच्या फाटकाच्या एका अंगाला नवऱ्याची माणसं बसली होती, दुसऱ्या अंगाला भावाची. शेजारच्या बयाबाईबरोबर ती मधनं चालत गेली तेव्हा दोन्हीकडचे लोक गप्प झाले. पडद्याआड गेल्यावर ती आणि पेट्या एवढंच उरलं. तराजूच्या पेटीकडं तिनं पाहिलं नाही. ज्याच्या घरात नांदायचं त्याच्याशी खोटं वागायचं नाही, एवढं एकच तिला त्या घटकेला सुचलं. तिनं कागद कंदिलाच्या पेटीत टाकला आणि बाहेर आली.

निकाल लागला. सयाजी निवडून आला, तेही अगदी थोडक्या मतांनी. कृष्णात मोजणीवरनं घरी आला, टोपी खुंटीला अडकवली आणि दाराकडं पाठ करून भिंतीशी बसला. तिनं पाणी आणून ठेवलं. त्यानं तांब्याला हात लावला नाही.

दिवस कलला तशी हलगी ऐकू येऊ लागली. मिरवणूक गल्लीत शिरली, वरच्या तोंडानं खाली आली आणि साळोख्यांच्या दारात थांबली. सयाजी गुलालानं माखला होता. पोरांच्या खांद्यावरनं उतरून तो पायरीजवळ आला.

"आक्का, बाहीर ये. ओवाळ मला."

चिमणाबाई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीकडंच तोंड करून म्हणाला, "जा की. कोण अडवलंय?"

असं म्हटल्यावर पाऊल कसं उचलायचं? ती जागची हलली नाही.

सयाजीला वाटलं, बहीण लाजते आहे. त्याचा ऊर भरून आला होता. तो गर्दीकडं वळला आणि हात वर करून म्हणाला, "मंडळी, मला आईनं न्हाय, ह्या माझ्या आक्कानं वाढवलंय. विरोधकाच्या घरातलं मत मला पडलंय, ते तिचं हाय. तिच्याच मतानं आलोय मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूठभर गुलाल उंबऱ्यावर पडला आणि हलगी पुढं सरकली.

कृष्णात उठला. "ऐकलंस न्हवं?"

"न्हाय वो. मी कंदिलातच टाकलं. आईशपथ."

"मग त्यो लबाड बोलतूय? सगळ्या पेठेदेखत?"

भाऊ लबाड नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि मत कुणाला टाकलं हे दाखवायला जगात काही पुरावा नव्हता, तशी सोयच नव्हती. तिनं पुन्हा एकदा शपथ घेतली. कृष्णात म्हणाला, "इथनं फुडं त्या दारात जायाचं न्हाय. गेलीस तर तिकडंच ऱ्हा." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साध्या आवाजात बोलला होता.

त्यानंतर गल्लीची लांबी वाढली. भाऊबीजेला सयाजी आला, तर कृष्णातनं दुकानातनंच त्याला परतवलं. पंचमीला वरच्या तोंडाला झोपाळा बांधायचे, त्याचं कुरकुरणं तिला घरामागच्या परड्यात भांडी घासताना ऐकू यायचं. सयाजीला मुलगी झाली, ती चालायला लागली, हे तिला बयाबाईकडनं कळलं. गल्लीतनं जाताना एकदा ती पोर दिसली. ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तशी ती बघून गेली.

दुसऱ्या पावसाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. बयाबाई सांगत आली, "चिमणे, म्हातारा सारखं नाव काढतूय तुझं." चिमणाबाई नवऱ्यापुढं उभी राहिली. तो सायकलीचं पंक्चर काढत होता. म्हणाला, "मी काय म्हटलंय ते ठावं हाय न्हवं तुला?" तिच्या पदरी दोन मुली होत्या. ती परत आत गेली आणि पीठ मळायला बसली. आबा गेले तेव्हा मात्र कृष्णात स्वतःच म्हणाला, "चल." पण तोवर तिरडी बांधून झाली होती, चेहरा तेवढा उघडा होता. सयाजी तिच्या गळ्यात पडून रडला. ती त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली, आणि नवरा बघतोय म्हणून तो हात मागं घेतला.

पुढं संयुक्त महाराष्ट्राचं वारं उठलं. सगळे विरोधी पक्ष एका मांडवात आले. पेठेची समिती झाली, तिच्यात तालीमही आली आणि कृष्णातचा पक्षही. एके दिवशी दुपारी कृष्णात सायकलीवरनं घरी आला, तर मागं कॅरिअरवर सयाजी बसलेला.

"आगं, सया जेवाय हाय," कृष्णात म्हणाला. "तांबडा रस्सा कर. आमची सांजच्याला सभा हाय."

एवढंच. मधली वर्षं कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही. दोघं शेजारी शेजारी पाटावर बसले आणि मोर्चा कुठनं काढायचा ते बोलू लागले. ती वाढत होती. रस्सा तिखट झाला होता, दोघांच्याही नाकातनं पाणी येत होतं आणि दोघं हसत होते.

"आक्का, आता तरी सांग," सयाजी भाकरी मोडत म्हणाला. "त्या टायमाला मत कुणाला दिलंतंस?"

"तुझ्या दाजीस्नी."

सयाजीनं कृष्णातकडं बघून डोळा मिचकावला. "बघा दाजी, अजून भेतीया तुम्हांला."

"ऱ्हाऊ दे गं आता," कृष्णात म्हणाला. "झालं गेलं. मी कुठं काय म्हणतूय?"

तिनं रश्श्याचं पातेलं चुलीवर परत ठेवलं. थोड्या वेळानं तिनं भावाला विचारलं, "आबा शेवटाला काय म्हणालं रं?"

सयाजीचा घास हातातच राहिला. "तू कवा येतीस ते इचारायचे. मी म्हणायचो, येतीया. दुसरं काय म्हणू?" मग तो पाणी प्यायला आणि दोघं हात धुऊन सभेला निघून गेले.

भांडी घासून झाल्यावर चिमणाबाईनं लुगडं बदललं आणि गल्ली चढून माहेरी गेली. आता तिला कुणाची मनाई नव्हती. आबा बसायचे तिथं बाक टाकला होता आणि भिंतीवर सयाजीच्या नावाची, 'नगरपालिका मेंबर' अशी पाटी होती. गोठ्यात आता म्हशी नव्हत्या. टेबल होतं, खुर्च्या होत्या. भावजय कुठं दिसत नव्हती. बाकावर अर्ज घेऊन एक अनोळखी म्हातारा बसला होता. तो सरकून घेत म्हणाला, "बसा बाई. मेंबर सभंला गेल्यात. नळाचं काम हाय न्हवं? माझं झालं की तुमचं."

चिमणाबाई त्याच्या शेजारी बसली.