लेफ्टनंटाची सनद

मला जुन्या सनदा जमवायचा नाद आहे. पलटणीत एखाद्याला अधिकारी केलं की इंग्लंडच्या राजाच्या नावानं जो मोठा जाड कागद यायचा, तो. वर राजाची सही, खाली छापील इंग्रजी मजकूर आणि मध्ये शाईनं लिहिलेलं त्या माणसाचं नाव. मी स्वतः भरतीला गेलतो तेव्हा छाती कमी भरली म्हणून हाकलून दिलं, त्याचंच हे वेड, असं बायको म्हणते. म्हणू दे. शिवाजी पेठेत स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. ते बंद असलं की भंगारवाले नाहीतर अधिकाऱ्यांची नातवंडं गाठायची. या लोकांना ती रद्दी वाटते. डोकं फिरतं माझं.

गेल्या आषाढात गारगोटीच्या पुढच्या एका खेड्यातून फोन आला. साठीचा शेतकरी होता. "काका, आमच्याकडं आज्याची सनद हाय. इकायची न्हाय. नाव तेवढं लागंना झालंय, वाचून द्या."

नाव कशाला, तर ग्रामपंचायतीसमोर लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड बसायचा होता. एकदोन घरांनी खोटीच नावं घुसवायला बघितलेली, म्हणून सरपंचानं सांगून टाकलेलं, कागद दाखवा, मग कोरू. याचा आजा, म्हणजे आईचा बाप, ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलेला, गावातला पहिला लेफ्टनंट. पेन्शनचे कागद असते तर प्रश्नच नव्हता. पण त्याच्या बायकोनं पेन्शन घेतलीच नाही. त्यासाठी नवरा मेला म्हणून अंगठा द्यावा लागणार होता. "मढं बघितल्याबिगर अंगठा देत न्हाय," म्हणाली आणि मरेपर्यंत कुंकू लावून हिंडली. घरात उरली फक्त सनद.

मी गेलो. शेतकऱ्याची आई दारातच बसली होती, ऐंशीच्या पुढची. बाप गेला तेव्हा ही पोटात. बापाचा फोटोसुद्धा नाही घरात.

"या पावणं. तेवढं नाव निघालं की मी मराय मोकळी."

सनद देव्हाऱ्यात तलवारीशेजारी, रेशमी फडक्यात. उलगडली आणि माझा जीवच हरखला. राजाची सही शाबूत, शिक्का शाबूत, पलटणीचं नाव शाबूत. आणि मधोमध, जिथं माणसाचं नाव असतं, तिथं तळहाताएवढा लाल डाग. भिंग लावलं. उन्हात धरली, पाठीमागून धरली. एक अक्षर नाही. कागद तिथं घासून घासून पार विरला होता.

"कुठल्या शहाण्यानं हो पाणी लावलं ह्याला?" मी ओरडलोच. "अक्कल गहाण टाकलीती काय?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "पाणी न्हवं. कुंकू हाय त्ये. खंडेनवमीला तलवारीबरोबर ह्याची बी पूजा असती. बोट वलं करायचं, कुंकू घ्यायचं आन् आबांच्या नावावर लावायचं. आदल्या वर्साचं पुसून घ्यायचं आदी, तसंच कसं लावायचं? माझी आय लावायची. ती गेली तवा ह्यो पोटात हुता. मग मी लावाय लागलो."

कसं बोलणार मी तिला? बापाच्या कपाळाला हात लावायला मिळाला नाही, म्हणून नावाला लावत होती.

"आयनंच पुसलं असंल," ती म्हणाली. "तिचा हात लई जड."

"न्हाय गं," तिचा साठीचा पोरगा पटकन बोलून गेला. "मी शाळंत असताना तर दिसत हुतं की नाव! मी पाटीवर बघून बघून काढल्यालं..."

मग त्याच्या ध्यानात आलं. पण काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होती ती. दमट हवा म्हणावं, वाळवी म्हणावं, पण आधीच ओरडून बसलेला माणूस काय बोलणार!

"म्हंजे मीच व्हय?" ती म्हणाली.

मी पलटणीच्या जुन्या कचेरीला अर्ज लिहून दिला. सरपंचालाही जाऊन भेटलो. "आम्हाला काय ठावं न्हाय काय? पण एकाला सोडलं की सगळी येत्यात," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. अर्जाचं उत्तर आलं नाही. पंधरा ऑगस्टला दगड बसला, त्यात लेफ्टनंट नव्हता. म्हातारी तिकडं गेली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच फोन केला. राहवेना. पोरगा म्हणाला, तलवार पुजली, सनद तशीच फडक्यात ठेवली. त्यानं बाहेर काढली होती, कुंकवाचा करंडाही पुढं केला होता. तर म्हातारीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"उलीसं राह्यलंय त्ये राहू दे," म्हणाली.

कागदावर काहीच राहिलं नव्हतं. तिला ते कोण सांगणार?