दीड वेढा कापलेली स्प्रिंग आणि सिल्लेवानीचा घाट

नागपूरहून छिंदवाड्याला गाडीनं जायचं मनात असेल, तर सावनेर-सौंसरमार्गे जा, सकाळी लवकर निघा आणि डिकीत किती वजन भरलंय ते आधी बघा. हा शेवटचा सल्ला मलाही मिळाला होता. मी तो ऐकला नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. वय पंचविशीचं, आणि एका जागी पाच मिनिटं बसवत नसे. ड्यूटी संपली की गाडी काढायची आणि कुठं जायचं ते रस्त्यावर ठरवायचं. गाडी जुनी, चारदारी. पण इंजिनावर दोन कार्ब्युरेटर बसवलेले. सरळ रस्त्यावर ती सुसाट पळायची, वळणावर मात्र एका अंगावर कलंडायची. ते कलंडणं मला सहन होईना. गाडी खाली बसवायची ठरवली.

इतवारीच्या मागच्या गल्लीत मारोतरावांचं गॅरेज होतं. त्यांना म्हटलं, पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापा आणि मागच्या चाकांवरच्या पोलादी पाट्यांची कमान सपाट करून द्या.

"दीड काहून? एकच काप गा," मारोतराव म्हणाले. "गाडी खाली बसते, कडक होते, वळते झकास, सगळं खरं. पण चाकाले वर जायले जागा नाही राहत. जागा संपली का खालून रबराच्या ठोकळ्यावर आदळते, मंग गाडी कोणाचंच ऐकत नाही."

"मी सांभाळून चालवीन."

"रिकामी नको चालवून पाहू. मागं पोती टाक, मंग पाह्य."

मी दीडच कापायला लावले. पोती टाकली नाहीत. कोराडीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक चुकवत एकटाच हिंडलो आणि वेडा झालो. स्टिअरिंग जरा वळवलं की गाडी लगेच वळे. ज्या वळणाला पूर्वी चाळीसवर यायचो, तिथून साठनं निघालो, तरी गाडी जमिनीला चिकटलेली. आता मला घाट हवा होता.

तेवढ्यात शीलाला मुलाखतीचं पत्र आलं. शीला माझी धाकटी बहीण, आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. छिंदवाड्याच्या एका शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा होती. मुलाखत आणि फळ्यावर शिकवून दाखवायचा एक पाठ. आत्या तिथंच राहायची.

"बसनं जाऊ दे तिले," बाबा म्हणाले. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते कमीच बोलायचे.

"बसमध्ये पुस्तकांची पेटी कुठं ठेवील? मी सोडतो न."

मला पेटीची काळजी नव्हती. मला सिल्लेवानीचा घाट दिसत होता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. डिसेंबरची थंडी. डिकीत शीलाची पेटी आणि वळकटी. मागच्या सीटवर आत्यासाठी कळमन्याहून आणलेली संत्र्यांची दोन खोकी. गाडीचं मागलं अंग पार बसलेलं. सावनेरला तर्री पोहे खाल्ले. पुढं एका मोरीवर गाडीचं बुड घासलं.

"दादा, हे काय वाजून राहिलं?"

"काही नाही. रस्ता खराब आहे."

सौंसरला चहा घेतला. तोसुद्धा मी उभ्यानंच प्यायलो. शीलाला खुर्चीत बसून पाठाची उजळणी करायची होती, पण मी गाडी सुरू करून हॉर्न वाजवला.

रामाकोना मागं पडलं आणि घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना साग, रस्ता कोरा. पहिली चार वळणं अशी गेली की मी मोठ्यानं हसलो. शीला म्हणाली, "हळू." पाचवं वळण उजवीकडचं होतं, आणि मधोमध रस्ता उचललेला. मागची चाकं त्या उंचवट्यावर चढली, खालून धाडकन आवाज आला आणि मागचं टोक सुटलं. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं. गाडी आडवी होत घसरली आणि डोंगराकडच्या नालीत चाक घालून थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

शीलानं पुढं हात टेकवला होता. उजवा.

"वाकवता येते का?" मी विचारलं.

तिनं नाही अशी मान हलवली. मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं.

खाली उतरणाऱ्या एका ट्रकवाल्यानं दोर बांधून गाडी बाहेर ओढली. मग वर जाणारी बस आली. शीलानं डाव्या हातानं तिला थांबवलं.

"शीला, मी हळू नेतो."

"तू ये मागून," ती म्हणाली आणि चढली.

ट्रकवाल्याला मी दोन्ही खोकी देऊन टाकली. हलकी झालेली गाडी उरलेली वळणं पुन्हा सुरेख घेऊ लागली. मला त्या गाडीचा इतका राग कधी आला नव्हता.

हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून शीलानं डाव्या हातानं फळ्यावर डोळ्याची आकृती काढली. मी व्हरांड्यातून पाहत होतो. मुलं हसली. तिनं पुसून पुन्हा काढली.

घरी परतल्यावर तिनं बाबांना सांगितलं, आत्याच्या पायरीवरून घसरले. सकाळी मारोतरावांकडं जाऊन दुसऱ्या गाडीच्या मूळ उंचीच्या जुन्या स्प्रिंगा आणि कमानदार पाट्या बसवून घेतल्या. पण झोप लागेना, कामावर लक्ष लागेना. पंधरा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. बाबा पत्र घडी करत म्हणाले, "नशीब पोरीचं." तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

बाबांनी ऐकलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले. शीला दारात उभी होती.

"काहून सांगितलंस? तुझं मन हलकं झालं. माझं काय झालं?"



पुढच्या जूनमध्ये शीलाला सावनेरला नोकरी लागली. ती रोज बसनं जायची. मी दर सकाळी विचारायचो, ती नको म्हणायची. दोन वर्षांनी बसचा संप झाला, तेव्हा ती आपणहून गाडीत येऊन बसली. मी चाळीसच्या वर गेलो नाही. कोराडीच्या पुढं पहिलं वळण आलं, तेव्हा तिनं बोलता बोलता डाव्या हातानं दाराची मूठ धरली आणि वळण संपल्यावरही सोडली नाही.