शिसं लावलेली मच्छरदाणी

आप्पांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डावा हात उचलायचा, पण थरथरत, आणि तोंडापर्यंत पोचायच्या आत दमून खाली यायचा. त्याहून वाईट म्हणजे उजवा डोळा मिटेना. झोपेतही तो अर्धा उघडाच असायचा.

आमचं घर धरणाच्या पाण्याला लागून आहे. सुट्टीला गाड्या घेऊन पाहुणे येतात, त्यांना आम्ही काठावर तंबू लावून देतो. आप्पा त्यांना होडीतून फिरवायचे आणि एरवी आपलं फेकजाळं घेऊन मासे धरायचे. वडील म्हणून त्यांनी आम्हाला कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. आजारपणात मात्र एकच गोष्ट मागितली. रोज संध्याकाळी आपल्याला पाण्यासमोर ठेवायचं.

"घरात न्हाई मरायचं मला," ते अडखळत म्हणाले.

पण दिवस कलला की काठावर चिलटं उठतात. आपण हात फिरवतो, डोळे मिटून घेतो. आप्पांना दोन्ही जमत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी आई पदराने वारा घालत उभी होती, तरी त्या उघड्या डोळ्यात एक चिलट शिरलंच. त्यांच्या गालावरून पाणी वाहत राहिलं. गोठ्यात करतो तशी निरगुडीच्या पाल्याची धुरी केली, तर धुराने डोळा आणखी लाल झाला. डॉक्टरांनी धूर बंदच करायला सांगितला.

मग जाळी शोधायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कोणाला कळत नाही ते मला कळत असणार, असं सगळे धरून चालतात. मला काही कळत नव्हतं. मोबाईलवर पाहिलं, पाहुण्यांच्या तंबूंपाशी रेंगाळले. एका बाईंनी त्यांची जाळीची खोलीच मला आतून दाखवली.

"गाडीतून न्यायची तर अशी खांबांची मोठी घ्या," त्या म्हणाल्या. "होडीतून जायचं असेल तर फांदीला टांगायची, हलकी."

त्यांच्या खोलीला खाली तळ शिवलेला होता. आप्पांची खाट उचलून आणावी लागे, ती आत जाणार कशी? आणि मला विचारायचं धाडस झालं नाही, की ज्याला कुठेच जायचं नाही त्याच्यासाठी कुठली घ्यायची.

राजूरच्या बाजारातून आधी घुमटासारखी उघडणारी मच्छरदाणी आणली. ती बघून आप्पा म्हणाले, "कोंबडी हाय का मी, डालग्याखाली झाकायला?"

ती परत केली आणि टांगायची घेतली. दुकानात पांढरीच होती. जांभळाच्या फांदीला दोरी बांधून ती खाटेवर सोडली. चिलटं बाहेर राहिली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात वरच्या वाडीच्या पायवाटेवरून हंबरडा ऐकू आला. आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, छाती पिटत उतरत होती. मागून शेजारच्या दोघी-तिघी, हातातलं काम टाकून. आमच्याकडे माणूस गेला की त्याला अंगणात आणतात आणि वर पांढरं टाकतात. वरून त्यांना तेवढंच दिसलं होतं.

"आरं माझ्या बाबा, मला न सांगता कसा रं गेलास! माझ्या हातची भाकर तरी खाऊन जायचं हुतंस!"

जाळीच्या आतून आवाज आला, "मग आन की आता."

आत्या जागच्या जागी थांबली. "मुडद्या! जित्ता हायेस व्हय!"

"रड, रड. चांगलं चाललं हुतं."

सगळ्या हसल्या. आत्या हसता हसता परत रडली. मग माझ्याकडे वळली. "शिकलीस ना गं तू? पांढरं कुनी टाकतं का जित्त्या मानसावर?"

आप्पा हळूच म्हणाले, "पानी बी दिसत न्हाई यातून. धुकं वाटतं नुसतं."

पुढच्या खेपेला मी शिंप्याकडे गेले. पोरींच्या घागऱ्याला लावतात ती नेट त्याच्याकडे होती. काळी सर्वांत चांगली, तिच्यातून पलीकडचं स्वच्छ दिसत होतं. पण काळं आईला चालणार नव्हतं. मग गर्द हिरव्याचे दोन तुकडे मागून आणले, कमी-जास्त बारीक विणीचे. संध्याकाळी काठावर बसून एकेक तोंडावर घेतला. पहिल्यातून चिलटं आत आली. दुसऱ्यातून आली नाहीत, वारा मात्र थोडा आला, आणि पाणी दिसलं. त्याच नेटची मच्छरदाणी शिवून घेतली.

आता वारा तिची कड उचलू लागला. दगड ठेवले, ते सरकले. आप्पा बघत होते. मग त्यांनी ओसरीच्या खुंटीकडे मान वळवली. तिथे त्यांचं फेकजाळं टांगलेलं होतं.

"जाळ्याची शिसं काढ. कडेला लाव."

फेकजाळ्याच्या घेराला शिशाचे मणी असतात. त्यांच्या वजनाने जाळं तळाशी बसतं.

आई म्हणाली, "आवं, बरं झाल्यावर काय टाकशाल मग?"

आप्पा पुन्हा म्हणाले, "काढ."

आईने खाली बसून ब्लेडने एकेक मणी सोडवला. मी तो हिरव्या कडेला शिवत गेले. शिसं काढलेलं जाळं हातात अगदी हलकं लागलं. त्या संध्याकाळपासून कड हलली नाही.

आप्पा रोज त्यात पडून पाणी बघायचे. येणारेजाणारे वाटेवरून हाक मारायचे. आत्या ओरडायची, "काय रं, घावला का मासा?" आतून उशिरा उत्तर यायचं, "मीच घावलोय." ऐकायला ती थांबायची नाही, घरी गुरं असायची.

शेवटच्या संध्याकाळीही तिने तशीच हाक मारली आणि पुढे गेली. दूध घेऊन जाणारा एक जण हात उंचावून गेला. कोणी धावत आलं नाही. हिरव्या जाळीत आप्पा पाण्याकडे तोंड करून पडले होते, रोजच्यासारखे. उजवा डोळा उघडा होता, तोही रोजच्यासारखाच. मी शेजारी अभ्यास करत होते. मलाही कळलं नाही.

आई चहा घेऊन आली. तिने दोनदा हाक मारली, मग कप खाली ठेवला आणि जाळीची कड वर उचलली. शिसं एकमेकांवर वाजली.

चिलटं आत शिरली. आई बराच वेळ हाताने ती हाकलत राहिली.